एकीचं तिकीट

रविवारी वंदना संपल्यावर आई माइकपुढे उभी राहिली, तेव्हा मनाली विहाराच्या मागच्या भिंतीला टेकून फोन पाहत होती. सातपूरच्या त्या लहानशा हॉलमध्ये चाळीसेक बायका पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या होत्या आणि कोपऱ्यात खिरीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. जपानहून परत येऊन तीन आठवडे झाले होते. महिला मंडळाच्या अध्यक्ष अंबूबाईंनी धोशा लावला होता की फुलाबाईंनी, म्हणजे आईनं, तिथलं सगळ्यांना सांगायचं, आपल्या कॉलनीतून तिकडे जाऊन आलेल्या त्या पहिल्याच. आईनं सदुसष्ट वर्षांत कधी माइक हातात धरलेला नव्हता. ती विमानाविषयी बोलली, थंडीविषयी बोलली, तिकडे रस्त्यावर कागदाचा कपटाही दिसत नाही म्हणाली. मनालीनं हे सगळं आधीच ऐकलेलं होतं, म्हणून ती ऐकत नव्हती. मग आई म्हणाली, "आन मग आम्ही आत गेलो," आणि मनालीचा अंगठा फोनच्या काचेवर जागच्या जागी थांबला.

"आत जरा अंधार हाय," आई सांगत होती. "डोळ्यांना सवय झाली का मग दिसतंय. समोर भगवान बसलेले. मान वर करून पाहावं लागतं एवढे मोठे. डोळे अर्धे मिटलेले. डाव्या गुडघ्यापाशी दगडाचा टवका उडालाय, पण चेहरा लय शांत. माझ्या मनालीनं मला हाताला धरून पार पुढं नेलं. म्हणली, बस आई, तुला लागेल तेवढा वेळ बस." बायकांनी वळून मनालीकडे पाहिलं. चाळीस चेहरे एकदम वळले आणि सगळ्यांवर एकच कौतुक होतं. कोणीतरी डोळ्यांना पदर लावला. जपानमधली ती मूर्ती लाकडाची होती, सोन्याचा मुलामा दिलेली, असं तिथल्या पत्रकात छापलं होतं. दगडाची, गुडघ्याचा टवका उडालेली मूर्ती इथली होती, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतली. लहानपणी दर बुद्धपौर्णिमेला आई तिला पायऱ्या चढवून तिथे न्यायची आणि त्या गुडघ्यावर हात ठेवू द्यायची. क्योटोतल्या त्या मूर्तीपुढे आई बसली नव्हती, कारण त्या दोघी आत गेल्याच नव्हत्या.

जपानला जाण्याची इच्छा आईची, असं मनाली ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही थोडंच होतं. आई महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होती. कुठल्याशा जपानी यंत्रांच्या कंपनीचं एक कॅलेंडर वॉर्डात आलं होतं, त्यातलं देवळात बसलेल्या बुद्धाचं एक पान साल संपल्यावर आईनं घरी आणून भिंतीला चिकटवलं. कधीतरी ती त्या पानाकडे पाहून म्हणाली होती, "हे कुठं असंल गं?" एवढंच. जायचं होतं मनालीला. अडतीस वर्षांची झाली तरी नाशिकच्या पलीकडे तिनं पुणे, मुंबई आणि एकदा गोवा पाहिलं होतं. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला बसून बसून तिला वाटायला लागलं होतं की आपल्या आयुष्यात एक तरी गोष्ट अशी हवी जी सांगताना समोरचा माणूस गप्प होईल. ऑफिसातल्या खुशनुमानं स्वस्त विमानतिकिटांची बातमी पाठवली आणि मनालीनं त्याच संध्याकाळी आईला विचारलं, तुझं ते कॅलेंडरमधलं देऊळ बघायचं का? आईनं काही न विचारता फंडातले पैसे काढून दिले, दोघींच्या तिकिटांचे. पाकीट मनालीकडे राहिलं.

तीन दिवस. बायकांच्या सामायिक खोलीतले खालचे-वरचे दोन पलंग, बरोबर नेलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि शक्य तिथे चालत. फेब्रुवारीत तिथली हवा अशी होती की श्वास घेतला की नाकाच्या आत सुई टोचल्यासारखं व्हायचं. आईचे नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेले कापडी बूट दुसऱ्याच दिवशी ओले झाले. ती कुरकुर करत नव्हती. ती नुसती थांबायची, एखाद्या भिंतीला हात लावून उजवा पाय जरा उचलून धरायची आणि मनाली मागे वळली की लगेच चालायला लागायची. या थांबण्याचाच मनालीला राग यायचा. त्या थांबण्यात एक मागणी होती आणि ती तोंडानं केली नव्हती, त्यामुळे नाकारताही येत नव्हती. एका वळणावर हातगाडीवाला भाजलेली रताळी विकत होता. आईनं वासावरूनच ओळखलं. "रताळं हाय," ती म्हणाली, इतक्या आनंदानं की जणू परक्या गावात तिला शेजारीण भेटली. मनालीनं पाटी वाचली आणि म्हणाली, "घरी गेल्यावर उकडून देते. नाशिकला चाळीस रुपये किलो आहेत." आई हो म्हणाली. पुढचा अर्धा मैल मनाली मनातल्या मनात त्या किमतीचे रुपये करत राहिली आणि प्रत्येक वेळी आकडा इतका क्षुद्र निघायचा की तिला आईचाच संताप यायचा.

तिसऱ्या दिवशी, देवळाकडे जाणाऱ्या चढावर, त्यांना मराठी ऐकू आली. पुण्याहून आलेल्या सहलीतली तीसेक माणसं होती, पुढे नारिंगी झेंडा धरलेला मॅनेजर. आई मनालीला न विचारता त्यांच्यात शिरली. जाड कोट घातलेल्या एका बाईनं थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिला दिला, आलं घातलेला, आणि आई तो दोन्ही हातांनी धरून बोलत सुटली. दोघीच आलोय, मुलगी फार हुशार आहे, सगळं फोनवर बघून करते, पैसे जपून वापरतो, आम्ही साधी माणसं. मग मनालीला ऐकू येईल अशा आवाजात, "अडतिसावं लागलं तिला. कुठं जमंना बघा. तुमच्या पाहण्यात कोणी असला तर सांगा." "हो, सांगू की," बाई म्हणाली. "आडनाव काय म्हणालात?" आई म्हणाली, "गांगुर्डे. बौद्ध आहोत आम्ही." बाई म्हणाली, "असं का." हसू तसंच होतं, काहीच बदललं नव्हतं, फक्त झाकण आईच्या हातून घेऊन बाईनं ते न पुसता थर्मासला लावलं, मग काहीतरी आठवल्यासारखं परत काढलं, रुमालानं आतून-बाहेरून पुसलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. आई आभार मानत होती. तिला ते दिसलं की नाही, हे मनालीला कळलं नाही. मनालीला मात्र तेवढंच दिसलं, आणि त्या बाईच्या तोंडावर काहीतरी फेकायचं सोडून तिला वाटलं की आईला गदागदा हलवावं. असलं अंगावर ओढून घ्यायला इतक्या लांब आणलं मी तुला?

दहा मिनिटांनी त्या देवळाच्या दाराशी पोचल्या. खडीचं मोकळं अंगण, पलीकडे काळं भलंमोठं छप्पर, डाव्या हाताला तिकिटांची खिडकी. खिडकीवरच्या पाटीवर जपानी अक्षरं आणि येनमधला एक आकडा होता. दोघींचे मिळून नऊशे-हजार रुपये होत होते. ते पाकिटात होते. त्याच्या तिप्पट होते. मनालीनं पाटीखाली बोट ठेवलं, अक्षरांवरून ते सावकाश फिरवलं आणि म्हणाली, "आज बंद आहे." तोंडातून वाक्य गेल्यावर तिला हलकं वाटलं. सगळ्या सहलीत पहिल्यांदाच तिनं आईपासून असं काही हिरावून घेतलं होतं जे आईला खरोखर हवं होतं. आईनं पाटीकडे पाहिलं, मग छपराकडे. "असं का," ती म्हणाली. नंतर तिनं बूट काढले, मोजे काढले, त्या थंडगार खडीवर अनवाणी उभी राहिली आणि गुडघे टेकून तीनदा वाकली. पांढरे हातमोजे घातलेला एक म्हातारा रखवालदार धावत आला आणि अदबीनं खिडकीकडे हात करू लागला, आत चला, आत चला. मनालीनं त्याला हातानंच नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तो गोंधळून आईकडे बघत राहिला, आणि आई खडीवरून उठताना एका हातानं जमीन धरून होती.

आता विहारात तीच आई माइक धरून सांगत होती की लेकीनं हाताला धरून आत नेलं. अंबूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ऐका गं पोरींनो, लेक असावी तर अशी," आणि बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मनालीला तो आवाज सहन होईना. आई हे मुद्दाम करते आहे, असं तिच्या मनात आलं. मग आलं की नाही, आई मला सांभाळून घेते आहे. आणि हे दुसरं तिला पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं. "आई," ती म्हणाली. टाळ्या थांबल्या. "आपण आत कुठे गेलो होतो? देऊळ बंद होतं त्या दिवशी." बोलताना तिचा आवाज स्वच्छ होता, एखाद्या प्रामाणिक माणसाचा असतो तसा. बंद होतं, हे तिनं पुन्हा सांगितलं होतं आणि ते किती सहज सांगता आलं याचं तिलाच नवल वाटलं. आई माइक धरून उभी होती. माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "हो," ती शेवटी म्हणाली. "बंद होतं." मग तिनं माइक अंबूबाईंच्या हातात दिला आणि पहिल्या ओळीत तिची जागा होती तिथे न बसता ती दाराशी, चपलांजवळ जाऊन बसली. मागून कोणीतरी हसलं. खीर वाटताना बायका तिच्यापुढे द्रोण ठेवून पुढे सरकत होत्या.

घरी आल्यावर आईनं पांढरी साडी बदलून घडी घातली आणि कुकर लावला. मनालीनं वाट पाहिली. भांडण झालं असतं तर तिला त्यात हरायला आवडलं असतं. पुढचे दोन रविवार आई विहारात गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात अंबूबाई आल्या, जय भीम करून कॉटवर बसल्या आणि सरळच म्हणाल्या, "फुलाबाई, तुमचा स्वभाव मला तीस वर्षं ठाऊक. तुम्ही खोटं बोलणाऱ्या नव्हेत. मग तसं का सांगितलंत?" मनाली ओट्याशी चहा करत होती. तिची पाठ त्या दोघींकडे होती. "ध्यानात ऱ्हात नाय आता," आई म्हणाली. "पाहिलं काय आन पाहिलं नाय काय, सगळं एक होतंय." "अगं बाई," अंबूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. चहा उतू गेला. मनालीनं गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं धुतलं, पुन्हा पुसला. एका वाक्याचं काम होतं. देऊळ उघडं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तिनं कप भरले आणि बशीत बिस्किटं ठेवली.

त्यानंतर गोष्ट आपोआप पुढे गेली. अंबूबाईंनी पुण्याला बुद्धभूषणला, मनालीच्या धाकट्या भावाला, फोन केला. त्यानं मनालीला केला. "ताई, हे असंच सुरू होतं. वेळेवर दाखवायला पाहिजे. तू लक्ष कसं नाही दिलंस?" मनाली म्हणाली, "दाखवते." त्याच दिवशी तिनं शरणपूर रोडवरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. रिक्षात आई तिच्या शेजारी नवं लुगडं नेसून, हातात रुमाल धरून बसली होती, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी. आणि मनालीच्या मनात आलं, काय सांगावं, असेलही. या वयात होतं. आईला खरोखरच काही आठवत नसेल. हा विचार तिनं झटकला नाही. तिनं तो धरून ठेवला, आणि सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण तशी इच्छा करतो आहोत.

डॉक्टर तरुण होत्या, आलिमा शेख, बोलायला शांत. त्यांनी आईला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आईनं सगळं बरोबर सांगितलं, वजाबाकी बोटं न मोजता. पाच वस्तूंची नावं दिली ती दहा मिनिटांनी त्याच क्रमानं परत दिली. डॉक्टरांनी मनालीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात की न घडलेल्या गोष्टी सांगतात." "जपानचं," मनाली म्हणाली. "एक देऊळ बंद होतं. ही म्हणते आत गेलो." "बरं. मावशी, त्या दिवसाचं काय आठवतं तुम्हाला? जे आठवेल ते सांगा." आईनं मनालीकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती असं नाही. एखादं जड भांडं उचलायच्या आधी समोरच्यानं आपली बाजू धरली आहे ना, हे माणूस पाहतो तसं पाहिलं. मग ती डॉक्टरांकडे वळली.

"सकाळी चपाती खाल्ली आम्ही, निम्मी निम्मी. मग चढ लागला. पुण्याची मानसं भेटली. एका बाईनं च्या पाजला आन झाकण रुमालानं पुसलं, मी बौद्ध म्हणले म्हणून. मग देवळापाशी गेलो. पाटीवर आठशे लिव्हलं होतं. आकडे येतात मला, वॉर्डात खाटांवर तसलेच असायचे. हिनं बोट ठेवून वाचलं का बंद हाय. पुण्याच्या मानसांचा झेंडा आतमधी दिसत होता छपराखाली. बंद नव्हतं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईचा आवाज तसाच सपाट होता, ड्युटी संपताना दुसऱ्या आयाला रोग्यांची माहिती द्यावी तसा. "पांढरे मोजेवाला चल म्हणत होता, ही त्याला नको नको करत होती. मग स्टेशनात मला बाकावर बसवलं आन म्हणली, गाडीची चौकशी करून येते. समोर काचेचं हॉटेल होतं. तिथं बसली ती, पाठ माझ्याकडं करून. कॉफी घेतली. वर मलई लावलेला केक घेतला, लहान चमच्यानं खाल्ला. सावकाश खात होती. मला वाटलं, खाऊ दे, दमलीय पोरगी. परत आली तवा म्हणली, गाडी उशिरा हाय."

खोलीत पंखा फिरत होता. मनालीला त्या केकची चव आठवली, नेमकी. लिंबाची होती आणि खाताना ती रडत होती, हे आईला मागून दिसलं नसणार. हे सांगावं असं तिला क्षणभर वाटलं, की मी रडत होते. पण ते सांगणं म्हणजे आईपुढे आणखी एकदा हात पसरणं झालं असतं. "मावशींच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मनालीकडे पाहायचं टाळलं. "गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या. सूज दिसते आहे."

बाहेर ऊन होतं. रिक्षा मिळेपर्यंत त्या औषधांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. "कळलं होतं, तर तेव्हाच का नाही बोललीस?" मनाली म्हणाली. आई म्हणाली, "काय बोलायचं? पाकीट तुझ्याकडं." "तुझेच पैसे होते ते." "हो," आई म्हणाली, जणू मनालीनंच तिला ही माहिती पहिल्यांदा दिली. मग रागावून नाही, नुसती हिशेबातली चूक दाखवावी तशी ती म्हणाली, "एकीचंच तिकीट काढायचं ना. मी एकटी जाऊन आले असते. तू बाहेर बसली असतीस." मनालीला हे त्या दिवशी सुचलं नव्हतं. ते सुचायला आई ही एक वेगळी बाई आहे, एकटी आत जाऊन एकटी बाहेर येऊ शकते, हे आधी ध्यानात यायला हवं होतं. "आपण परत जाऊ," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी. मी सगळा खर्च करते. बसनं फिरू, टॅक्सीनं फिरू." आई रिक्षाला हात करत होती. "गेले तर अंबूबाईसंगं जाईन," ती म्हणाली. "तुझ्यासंगं नाय."

पुढच्या रविवारी आई विहारात गेली आणि मनालीला बरोबर घेऊन गेली. डॉक्टर काय म्हणाल्या हे मनालीनं भावाला सांगितलं नव्हतं. अंबूबाईंनी विचारलं तेव्हा ती "गोळ्या दिल्यात" एवढंच पुटपुटली होती, आणि आईनं ते ऐकूनही खोडलं नव्हतं. आता सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं की फुलाबाईंच्या लक्षात आता काही राहत नाही. बायका तिच्याशी मोठ्यानं, तुटक तुटक बोलत होत्या. एकीनं तिच्या चपला उचलून बाजूला ठेवल्या. दुसरीनं विचारलं, "ओळखलं का मला, मावशी?" त्या बाईच्या बाळंतपणापासून आई तिला ओळखत होती. "नाय बा," आई म्हणाली आणि ती बाई डोळे पुसत बाजूला झाली. मनाली भिंतीला टेकून उभी होती. आज आई सांगेल, असं तिला वाटत होतं; वंदना झाली, खीर आली, तरी वाटतच होतं. आईच्या तोंडात ते सगळं शाबूत होतं, आठशेचा आकडा, झेंडा, चमचा, आणि ते बाहेर न काढता ती तशीच बसून होती, आज, पुढच्या रविवारी, तिची मर्जी असेल तोवर. अंबूबाईंनी द्रोण आईच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याभोवती नीट मिटवली, लहान मुलाची मिटवावीत तशी. मग मनालीकडे पाहून त्या म्हणाल्या, "जप हो तिला. आणि फुलाबाई, अशी लेक सगळ्यांना मिळत नाही."

आईनं मान वर करून मनालीकडे पाहिलं. तिचे डोळे अगदी स्वच्छ होते.

"नाय मिळत," ती म्हणाली, आणि खीर खायला लागली.